सात, आठ आणि हरवलेला ‘स’

हे प्रकरण आमच्या कुर्ल्याच्या प्रशिक्षण केंद्रातलं आहे. तिथला विद्यार्थी साहाय्य विभाग मी सांभाळते. जिच्याबद्दल लिहितेय त्या मुलीची परवानगी घेतली आहे. तिचं नाव, राहती वस्ती आणि तिला नोकरी देणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. मसुदा तिला वाचायला दिला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “ताई, मी टाळाटाळ करत नव्हते, हे नीट लिहा.”

दहावी-बारावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण थांबलेल्या मुलामुलींना आम्ही बारा आठवड्यांत अकाउंट्स असिस्टंटच्या नोकरीसाठी तयार करतो. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर, एक्सेल, जीएसटीची तोंडओळख, थोडं इंग्रजी आणि मुलाखतीची तयारी असा अभ्यासक्रम. एका बॅचमध्ये २४ जण. वर्ग पहिल्या मजल्यावर, खाली दोन गॅरेजं, खिडकी रस्त्यावर उघडणारी, वर चार जुने पंखे. जूनमध्ये बॅच सुरू झाली तेव्हा खिडक्या पावसामुळे बंद आणि पंखे पाचावर, असं रोजचं चित्र होतं. हे वर्णन पुढे कामाला येणार आहे.

चौथ्या आठवड्यात तिचं नाव माझ्यापर्यंत आलं. आठवड्यात तीन दिवस गैरहजर. हजेरीपटावर शिक्षकांचा शेरा होता: “लक्ष नसतं. सांगितलेलं करत नाही. शेजारणीच्या मशीनमध्ये बघत बसते.” आमच्या नियमाप्रमाणे हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली आली की पालकांना बोलावतो. तिची आई एका घरचं काम सोडून आली. “घरात सगळ्यांत हुशार हीच आहे मॅडम, पण बाहेर गेली की गप्प होते,” असं म्हणाली. मुलगी शेजारी बसून माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. यायला उशीर होतो का? हो. अभ्यास अवघड जातो का? हो. मन लागत नाही का? हो. मी फाइलमध्ये ‘आत्मविश्वास कमी’ असं लिहिलं आणि तिचं नाव व्यक्तिमत्त्व विकासाच्या सत्रात घातलं. आज ती नोंद वाचताना मला वाईट वाटतं. प्रत्येक प्रश्नाला हो म्हणणारं माणूस बहुतेक वेळा प्रश्नच ऐकू न आलेलं असतं, हे मला एवढ्या वर्षांच्या कामानंतर तरी कळायला हवं होतं.

खरी गोष्ट उलगडली ती तिच्या सरावाच्या कागदांवरून. आमचे शिक्षक रोज वीस व्यवहार तोंडी सांगतात आणि मुलं ते टॅलीत भरतात. एका संध्याकाळी तिचे आठ दिवसांचे प्रिंट घेऊन बसले. निष्काळजी मुलाच्या चुका कशाही विखुरलेल्या असतात. कुठे शून्य राहतं, कुठे तारीख चुकते, कुठे नाव. हिच्या चुका मात्र एकाच घरातल्या बहिणींसारख्या होत्या. ३७ च्या जागी ३८. ६७ च्या जागी ६८. ६० च्या जागी ८. सदतीस-अडतीस, सदुसष्ट-अडुसष्ट, साठ-आठ. शब्द मोठ्याने म्हणून बघितले आणि अंगावर काटा आला. प्रत्येक ठिकाणी सुरुवातीचा ‘स’ गळला होता.

मग दुसरी रांग दिसली. टॅलीत एफ सात दाबलं की जर्नल उघडतं, एफ आठ दाबलं की विक्री. हिने जर्नलमध्ये जाणाऱ्या घसाऱ्याच्या नोंदी विक्रीत टाकल्या होत्या. शिक्षकांनी लाल पेनाने लिहिलं होतं, “मूलभूत समज नाही.” तिला समज चांगलीच होती. सरांनी ‘सात’ म्हटलेलं तिला ‘आठ’ ऐकू आलं आणि तिने प्रामाणिकपणे आठ दाबलं. सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी, यांच्यातही तिचा गोंधळ होता. तिथे फरक फक्त ‘सी’ आणि ‘एस’ यांचा, आणि दोन्हींत पुन्हा तोच बारीक आवाज.

दुसऱ्या दिवशी तिला समुपदेशनाच्या खोलीत बोलावलं, दार लावलं, पंखा बंद केला आणि समोर बसून विचारलं, “मला वाटतंय तुला वर्गात नीट ऐकू येत नसावं. तुझी हरकत नसेल तर कालचेच वीस व्यवहार इथे करून बघूया?” ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग हो म्हणाली, आणि हे ‘हो’ वेगळं होतं. वीसपैकी एकोणीस बरोबर आले. पंखा लावून, तिच्या डाव्या बाजूला उभं राहून पुढचे वीस सांगितले. अकरा बरोबर.

“वर्गात सर फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा काय ऐकू येतं?” मी विचारलं.

“आवाज येतो. शब्द येत नाही.”

तिने पिशवीतून बामची रिकामी डबी काढली. आत कापसावर कानाचं मशीन होतं. सातवीत असताना एका शिबिरात मिळालेलं. कान वाढला, मशीन कानात बसवायचा साचा तोच राहिला, म्हणून सैल होऊन शिट्टी वाजायची. नववीत वर्गात सगळे हसले तेव्हा तिने ते डबीत ठेवलं ते कायमचंच. त्यानंतर ती ओठ वाचून, शेजारणीच्या वहीत बघून आणि अंदाज बांधून शिकत आली होती. दहावीला ७१ टक्के होते.

मी तिला विचारलं, प्रवेश अर्जात दिव्यांग आहात का या प्रश्नासमोर तू ‘नाही’ का लिहिलंस? तिचं उत्तर साधं होतं. प्रश्नाखालीच छापलं होतं, “असल्यास प्रमाणपत्र जोडा.” तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. म्हणून ‘नाही’. तो अर्ज मीच तयार केलेला होता.

इथपर्यंत आलो होतो तर लगेच सोयी सुरू व्हायला हव्या होत्या. तसं झालं नाही, आणि ती जबाबदारी माझी आहे. मी म्हणाले, आधी प्रमाणपत्र काढूया. आमच्या देणगीदाराच्या अहवालात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वेगळा रकाना असतो, त्यात यूडीआयडी (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) क्रमांक आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाची नोंद लागते. तो रकाना भरला तरच दिव्यांगांसाठीच्या तरतुदीतून खर्च करता येतो. कागद आधी आणि सोय नंतर, हा क्रम आमच्या हाडीमाशी इतका मुरला होता की तो उलटा करता येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यात पावणेतीन आठवडे गेले. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये पावणेतीन आठवडे.

श्रवणचाचणी वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत करून घेतली. १९८३ पासून वाचा आणि श्रवण दोषांवरच काम करणारी ही संस्था मुंबईत आहे आणि तरी आमच्या भागातल्या कित्येक कुटुंबांना ती माहीत नसते, म्हणून इथे नाव लिहिते. डावा कान ७५ डेसिबल, उजवा ५०; आकडा जेवढा मोठा तेवढं ऐकू कमी. आलेखावर उजवीकडे, म्हणजे उंच स्वरांकडे, रेघ घसरत गेलेली. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘छ’ हे आवाज त्याच टोकाला असतात. तिचे चुकलेले कागद आणि तो आलेख शेजारी ठेवले तर एकमेकांची साक्ष देत होते.

प्रमाणपत्र एका सरकारी रुग्णालयातून आलं. आकडा तिशीतला. चाळीसच्या खाली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. त्याच्या अनुसूचीत ‘कमी ऐकू येणं’ याची व्याख्या आहे: दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हास. ७० च्या पुढे तो बहिरेपणा. हिचा एक कान मर्यादेच्या पलीकडे आणि दुसरा अलीकडे. व्याख्येत बसत नाही, चाळीस टक्क्यांत बसत नाही, देणगीदाराच्या रकान्यात बसत नाही. सरकारी योजनेतून नवं श्रवणयंत्र मिळण्यासाठीही चाळीस टक्के लागतात. आई कागद हातात घेऊन म्हणाली, “म्हणजे हिला काही झालेलं नाही असंच ना?”

त्या रात्री मी कायदा पुन्हा वाचला. एरवी आम्ही त्यातला २१ प्रकारांचा तक्ता आणि चाळीस टक्के एवढंच बघतो. पण दिव्यांग व्यक्ती कोण, हे सांगणारं मूळ कलम वेगळं आहे. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची न्यूनता, जी समोरच्या अडथळ्यांशी गाठ पडल्यावर माणसाला इतरांच्या बरोबरीने समाजात पूर्णपणे सहभागी होऊ देत नाही. त्यात टक्का नाही. टक्का येतो तो आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी. वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे असं कायदा म्हणतो, तिथेही चाळीसची अट घातलेली नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. हाताच्या त्रासामुळे लिहिता न येणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही एवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही, असा तो निकाल.

आमच्यासारख्या छोट्या खासगी संस्थेला यातलं कोणतं कलम थेट बांधतं यावर वकील वाद घालू शकतील. माझा मुद्दा त्याहून साधा होता आणि दुसऱ्या दिवशी संचालकांसमोर मी तो तसाच मांडला: कागदावरचा आकडा कमी आला म्हणून तिला ऐकू जास्त येणार नाही. खर्च दिव्यांगांच्या तरतुदीतून करता येत नसेल तर केंद्राच्या देखभालीतून करूया, कारण मला जे बदल हवेत ते वर्गातले आहेत. संचालकांनी पाच हजारांची मर्यादा घातली. तेवढे पुरले.

आता त्या बदलांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ‘सोयी’ म्हटलं की लोकांना महागडी यंत्रं आठवतात.

पहिली गोष्ट जागा. ती शेवटच्या ओळीत बसायची, शेजारणीची स्क्रीन तिथून दिसायची म्हणून. तिला दुसऱ्या ओळीत, फळ्याकडे तोंड केल्यावर डाव्या टोकाला बसवलं. म्हणजे चांगला उजवा कान वर्गाच्या आणि शिक्षकांच्या दिशेला. डाव्या टोकाला भिंत, त्यामुळे वाईट कानाच्या बाजूने कोणी बोलणारच नाही. पहिल्या ओळीत का नाही, असं सरांनी विचारलं. पहिल्या ओळीतून बाकीची मुलं दिसत नाहीत, आणि कोण बोलतंय हे दिसलं नाही तर तिला चर्चेतलं काहीच कळत नाही. हे तिनेच सांगितलं.

दुसरी गोष्ट गोंगाट. खुर्च्यांच्या लोखंडी पायांना रबरी बुचं लावली. चोवीस खुर्च्यांचे शहाण्णव पाय, एका दुपारी मुलांनीच बसवली. जुन्या साच्याच्या जागी नवा साचा बनवून तिचं तेच मशीन पुन्हा सुरू झालं होतं, आणि मशीन घालणाऱ्याला खुर्ची सरकल्याचा आवाज कानात खिळा ठोकल्यासारखा लागतो. खिडकीला जाड पडदा आला. पंख्याचं मात्र जमलं नाही. तिच्या डोक्यावरचा पंखा बंद ठेवला तर जुलैच्या उकाड्यात आजूबाजूची सहा मुलं घामाघूम. दोन दिवसांनी तिनेच उठून पंखा लावला. शेवटी त्याचं बेअरिंग बदललं. आवाज निम्म्याने कमी झाला, हवा तेवढीच राहिली. पावसाळ्यात मशीनमध्ये ओल धरते म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डबीत ठेवायला लागलो. पुड्या आमच्या ऑफिसातल्या नव्या कीबोर्डांच्या खोक्यांतून मिळाल्या.

तिसरी आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे शिकवण्याची सवय. आमचे सर अकरा वर्षं शिकवताहेत आणि मनापासून शिकवतात. फळ्यावर लिहिता लिहिता बोलणं ही त्यांची लय. “मी मुलांकडे तोंड करून बोलायचं तर फळ्यावर लिहायचं कोणी?” हा त्यांचा प्रश्न अगदी खरा होता. रिकाम्या वर्गात आम्ही दोघांनी सराव केला. लिहायचं, थांबायचं, वळायचं, मग बोलायचं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक तासाला दहा-बारा मिनिटं जास्त लागली आणि ते वैतागले. दुसऱ्या आठवड्यात ते स्वतःच माझ्याकडे आले. म्हणाले, “मॅडम, पूर्वी एक नोंद तीनदा सांगायचो. आता एकदाच सांगतो.” त्यांच्या शेऱ्यामुळे ती इतके दिवस आळशी ठरली होती. त्याबद्दल त्यांनी तिची माफी मागितली, वर्गाबाहेर, जिन्यात, समोर उभं राहून.

आकड्यांसाठी दोन नियम केले. तोंडी सांगितलेला प्रत्येक आकडा फळ्यावर लिहायचा, आणि तोंडी सांगताना सदतीस न म्हणता ‘तीन सात’ म्हणायचं. हा दुसरा नियम लागू झाला आणि आमच्या लक्षात काहीतरी वेगळंच आलं. कुर्ल्याच्या वर्गात निम्मी मुलं घरी हिंदी, उर्दू किंवा भोजपुरी बोलतात. मराठी आकडे त्यांना कधीच नीट कळत नव्हते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत ती रोज अडखळत होती आणि लाजेपोटी बोलत नव्हती. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही तेव्हा नाराज होते, भाषेचं वैभव जातंय म्हणून. आता वाटतं, निदान हिशेबाच्या टेबलावर तरी आकडा पोचणं आधी, वैभव नंतर.

जे फसलं तेही लिहिलं पाहिजे. बोललेलं लिहून दाखवणारं मोबाइल ॲप आम्ही मोठ्या आशेने आणलं. एका माणसाचं शांत खोलीतलं मराठी ते छान टिपायचं. वर्गात मराठी, हिंदी, इंग्रजी एका वाक्यात आली की सगळं विस्कटायचं. ‘डेबिट नोट’चं काय काय व्हायचं ते विचारू नका. चार दिवसांनी तिने फोन पालथा ठेवला. दुसरं फसलं ते शेजारणीला ‘मदतनीस’ नेमणं. ती मुलगी गुणी, पण तिचा स्वतःचा अभ्यास मागे पडला, आणि हिला सतत उपकाराखाली वाटायला लागलं. मग त्याऐवजी वर्गाच्या नोंदी काढायची पाळी लावली. रोज एक जण लिहितो, संध्याकाळी फोटो ग्रुपवर टाकतो. त्याच ग्रुपवर सर गृहपाठ व्हॉइस नोटने पाठवायचे, हे आम्हाला तब्बल सातव्या आठवड्यात कळलं. इतके दिवस तिला गृहपाठ मिळतच नव्हता.

वर्गाला काय सांगायचं, हे तिच्यावर सोडलं. मी सांगू का, असं विचारलं तर नको म्हणाली. एका सकाळी उभी राहून दोन वाक्यं बोलली, “मला उजव्या कानाने ऐकू येतं. माझ्याशी बोलताना समोर या.” आणि बसली. पुढच्याच ओळीतल्या मुलाने वळून विचारलं, “मग मी तुला चारदा हाक मारली होती ती ऐकूच नाही का आली? मला वाटलं शिष्ट आहेस.” त्यावर वर्ग हसला, तीही हसली.

तक्रारीही आल्या. सरावाचे व्यवहार तिला छापील मिळायला लागले तेव्हा एक मुलगी ऑफिसात येऊन म्हणाली, “तिलाच का? आम्हालाही द्या.” आमचे प्लेसमेंट बघणारे सहकारी उलट बाजूने बोलले. त्यांचं म्हणणं होतं, “ऑफिसात साहेब तोंडीच सांगतो. आपण इथे लाड केले तर तिथे ती तोंडघशी पडेल.” या प्रश्नावर आमची दोन तास बैठक झाली आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ती सर्वांत मोलाची बैठक होती. मी एकच विचारत राहिले: अकाउंट्स असिस्टंटच्या कामाचा गाभा काय? कागद वाचणं, तो कोणत्या खात्यात जातो हे ओळखणं, बिनचूक भरणं, ताळा जमवणं. कान देऊन आकडे टिपणं हा गाभा आहे, की आमच्याकडे झेरॉक्सचे पैसे वाचावेत म्हणून पडलेली सवय? खऱ्या ऑफिसात बिलं कागदावर येतात, पीडीएफमध्ये येतात. मग व्यवहार सगळ्यांनाच छापील दिले. गाभ्यातल्या गोष्टींत तिला एक गुणही सवलत दिली नाही, आणि तिने मागितलीही नाही. तोंडी सूचना घेण्याचा सराव मात्र वेगळा ठेवला. त्यात तिने शिकायचं ते एवढंच: ऐकलेलं लगेच लिहून दाखवायचं आणि विचारायचं, “बरोबर आहे ना?” ही सवय ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांच्यासाठीही सोन्यासारखी आहे.

अंतिम परीक्षा बाहेरची संस्था घेते. त्यात वीस गुणांचा तोंडी भाग होता. दोन आठवडे आधी पत्र पाठवून तो भाग तिला छापील द्यावा अशी विनंती केली. उत्तर आलं, चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र जोडा. आम्ही श्रवणआलेख, कायद्यातली व्याख्या आणि २०२१ च्या निकालाचा गोषवारा जोडून पुन्हा लिहिलं. तीन वेळा फोन केले. शेवटी त्यांनी तो भाग सगळ्या बॅचला छापील दिला, म्हणजे अपवाद केल्यासारखं दिसणार नाही. तिला १०० पैकी ७८ मिळाले.

नोकरीची पहिली संधी हुकली. त्या कंपनीची पहिली फेरी फोनवर होती. आम्ही लेखी फेरीची विनंती केली, ती वरपर्यंत गेलीच नाही. फोन आला तेव्हा ती कुर्ला स्टेशनच्या पुलावर होती. शेरा आला: “संभाषण कौशल्य कमी.” ती चार दिवस केंद्रावर फिरकली नाही. मी आईला मेसेज करून विचारलं तेव्हा कळलं, मशीन पुन्हा डबीत गेलं आहे.

दुसरी जागा वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळच्या एका वाहतूक कंपनीत होती. बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, संगणकात भरायच्या, दिवसाला शंभर-सव्वाशे. इथे आमच्यात मतभेद झाला. प्लेसमेंटचे सहकारी म्हणत होते, आधी सांगितलं की दार बंद होतं, रुजू झाल्यावर सांगू. त्यांच्या गाठीशी तसे अनुभव होते, त्यामुळे ते म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. मला वाटत होतं की आधी सांगावं. पण हा निर्णय माझा नव्हता, त्यांचाही नव्हता. आम्ही दोन्ही बाजू तिच्यासमोर ठेवल्या. ती म्हणाली, “सांगते. पण ऐकू येत नाही असं नाही सांगणार. मला काय लागतं ते सांगणार.” आणि मुलाखतीत तिने तसंच केलं: समोरून बोला, आकडे लिहून द्या, फोनऐवजी मेसेज करा. मालकांनी विचारलं, “फोन कोण घेणार?” आमच्या सहकाऱ्यांनी उलट विचारलं, या टेबलावर दिवसाला किती फोन येतात? मालकांनी आतल्या माणसाला हाक मारली. तो म्हणाला, ड्रायव्हरचे फोन सगळे बाहेरच्या टेबलावर येतात. मग तिला तीस बिल्ट्या भरायला दिल्या. तीसच्या तीस बरोबर, वर एका बिल्टीवर वजन आणि नगांचा मेळ बसत नाही हे तिने दाखवून दिलं. ऑक्टोबरमध्ये ती रुजू झाली. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी समान संधी धोरण तयार करून त्यात दिव्यांगांसाठीच्या सुविधा नमूद करायच्या असतात. तो नियम मी छापून नेला होता. बाहेर काढावा लागला नाही.

आमचा प्रवेश अर्ज बदलला आहे. दिव्यांग आहात का, हा प्रश्न अहवालापुरता शेवटच्या पानावर गेला. पहिल्या पानावर आता सगळ्यांसाठी विचारलेलं असतं: शिकताना कशाची अडचण येते? ऐकणं, लांबचं वाचणं, बराच वेळ बसणं, जिना, लिहिणं, लक्ष टिकणं, औषधाने झोप येणं, आणखी काही. समुपदेशक हे दार लावून, एकेकट्याला विचारतात आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारतात, कारण पहिल्या दिवशी कोणी मन उघडं करत नाही. पुढच्या बॅचमध्ये पाच जणांनी काही ना काही सांगितलं. त्यातल्या एकाकडेच प्रमाणपत्र होतं. एक मुलगा एक्सेलमधला लाल आणि हिरवा रंग ओळखू शकत नव्हता. त्याच्यासाठी रंगाच्या जोडीला खुणा वापरल्या, काम संपलं. फिटच्या गोळ्यांमुळे सकाळी जड वाटणाऱ्या एका मुलीला दुपारच्या तुकडीत हलवलं. देणगीदारांना मी सविस्तर पत्र लिहिलं. त्यांनी रकाना तोच ठेवला आहे, खाली एक ओळ वाढवली: ‘प्रमाणपत्राशिवाय दिलेल्या सोयी’. त्या ओळीला अजून वेगळी तरतूद नाही, आणि मी दर तिमाहीला ती मागते.

जानेवारीत तिला भेटायला वडाळ्याला गेले. नोकरी लागल्यावर तीन महिन्यांनी आम्ही जातोच. बाहेरच्या टेबलावरचा माणूस गावी गेला होता आणि फोन हिच्या टेबलावर आला होता. तिने त्यावर चिठ्ठी चिकटवली होती: “ड्रायव्हरना सांगा, बिल्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका.” तेवढं लोकांनी मानलं होतं. अडचण वेगळीच होती. मालक बाहेर असले की व्हॉइस नोट पाठवायचे. ती प्रत्येक नोट पाच-सहा वेळा ऐकायची, मग लोडिंगच्या पोऱ्याला ऐकवून खात्री करायची.

“ताई, तुम्ही बोलाल त्यांच्याशी?”

बोलले असते. पण मी विचारलं, तू लिहून बघतेस का, मी इथेच बसते. तिने मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. बाहेर ट्रक मागे घेताना ठणाणा बीप वाजत होता. तिने मशीनचा आवाज कमी केला आणि तिसऱ्यांदा लिहिलं: “सर, व्हॉइस नोट नको, टाइप करा. नग चुकले तर माल चुकीचा उतरेल.” माझ्याकडे न बघताच पाठवून दिलं.

मी वडाळा रोडला पोचेपर्यंत तिच्याकडून उत्तराचा फोटो आला. मालकांनी ‘ओके’ लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन व्हॉइस नोट आल्या आणि तिने तोच मेसेज पुन्हा पाठवला. त्यानंतर आलं ते टाइप केलेलं: भिवंडी, ३७ नग.